प्रात्यक्षिक क्रमांक सात

माणगंगा विद्यापीठाच्या संगणक विभागात पोरं दर दोन वर्षांनी बदलत, प्राध्यापक बदलत, छताचे पंखेसुद्धा एकदा बदलून झाले होते. बदललं नव्हतं ते प्रात्यक्षिक क्रमांक सात. ‘संगणक जाळी आणि माहिती सुरक्षा’ हा विषय घेणाऱ्या प्रत्येकाने गेली पंधरा वर्षं ते केलं होतं, म्हणजे सिनिअरच्या जर्नलवरून उतरवून काढलं होतं. उत्तरही सगळ्यांचं एकच यायचं: यंत्र क्रमांक सदतीस, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. एखादा शहाणा स्वतः आकडेमोड करून बघायचा, पण त्यालाही चार बाराच सापडायचे, कारण शोधायचं काय हे जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असायचं.

या प्रात्यक्षिकाला लागणारी जी माहिती होती तिला पोरं ‘गुरुवार’ म्हणत. ११ मार्च २०२७ हा तो गुरुवार. त्या दिवशी चोवीस तासांत विद्यापीठाच्या जाळ्यातून जे जे वाहिलं, ते सगळं एका तरुण प्राध्यापिकेने शिकवायला म्हणून नोंदवून ठेवलं होतं. चार हजार माणसांचे निरोप, फोटो, अर्ज, भांडणं. सगळं कुलूपबंद. ते तिलाही वाचता येत नव्हतं आणि जगात कोणालाच येत नव्हतं, म्हणून डीनसाहेबांनी एका ओळीत परवानगी देऊन टाकली होती. चार हजारांपैकी एकालाही विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

कुलूप असलं तरी दोन गोष्टी बाहेरून दिसतात. बंद डबा उचलला की आत भाजी कसली ते कळत नाही, पण डबा किती जड आहे आणि कोणाच्या घरून किती वाजता निघाला ते कळतं. जाळ्यातून जाणाऱ्या मजकुराचंही तसंच असतं. कोणत्या यंत्रावरून, कधी आणि केवढा मजकूर गेला, हे झाकून ठेवणं फार जड जातं. नुसत्या आकारावरून आणि वेळेवरून माणूस कसा पकडता येतो, हे शिकवण्यासाठी प्रात्यक्षिक सात होतं. आणि त्या गुरुवारी खरोखरच एक माणूस पकडला गेला होता.

ती तरुण प्राध्यापिका म्हणजे डॉ. हेमांगी दिवटे. आता २०४३ साली त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, विभागप्रमुख होत्या, आणि दर जुलैत पहिल्या तासाला ती गोष्ट नाव न घेता सांगत. नाव सगळ्यांना ठाऊक असायचंच. तोडकर सर.

ऑगस्टमधल्या एका सकाळी निलोफर तांबोळी त्यांच्या खोलीत आली. निलोफर त्यांच्याकडे पीएचडी करत होती. हुशार होती, आणि हुशार पोरींना असते तेवढी घाई तिलाही होती. राज्याने पुण्याजवळ बसवलेल्या क्वांटम यंत्रावर विद्यापीठाला सहा तास मिळाले होते, आणि त्या सहा तासांत काय करायचं हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

“मॅडम, गुरुवार उघडता येईल,” ती म्हणाली.

मॅडमना समजावून सांगायची गरज नव्हती, तरी तिने फळ्यावर मांडलं. जुनी कुलपं एकाच भरवशावर उभी होती. दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण नुसता गुणाकार हातात देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगितलं तर साध्या संगणकाचं आयुष्य संपेल. क्वांटम यंत्र तोच शोध काही तासांत लावतं. त्यात विद्यापीठाने तेव्हा आणखी एक करून ठेवलं होतं. बाहेर जाणारा सगळा मजकूर तपासता यावा म्हणून जाळ्याच्या फाटकावर, म्हणजे मजकूर बाहेर पडायच्या जागी, एक यंत्र बसवलं होतं. निविदा काढून सगळ्यांत स्वस्त मिळालेलं. प्रत्येकाचा मजकूर आधी त्याच यंत्राच्या कुलपात घालून फाटकापर्यंत यायचा. दर संभाषणाला नवी किल्ली वापरायची पद्धत तेव्हाही होती, पण त्या स्वस्त यंत्राला ती जमत नव्हती. चार हजार माणसं, त्यांचा एक दिवस, आणि सगळ्याला मिळून एक किल्ली. ती त्या यंत्राच्या पोटातून कोणालाच बाहेर काढता येत नव्हती, आणि यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं.

निलोफरला प्रबंधाचं एक प्रकरण त्यात दिसत होतं. प्रात्यक्षिक सातचं उत्तर सोळा वर्षांत कोणी आत बघून पडताळलेलंच नव्हतं.

हेमांगीबाईंनी चष्मा पुसायला घेतला. आधी एका माणसाला विचारते मग सांगते, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं.

त्यांना आठवत होतं ते असं. शुक्रवार, १२ मार्चला याच विषयाचा पेपर होता. सकाळी आठ वाजता प्रश्नपत्रिकेचे दोन फोटो पोरांच्या फोनवर फिरायला लागले. परीक्षा रद्द झाली. वर्तमानपत्रात आलं. कुलगुरूंना संध्याकाळपर्यंत कोणीतरी हवा होता, आणि एकतीस वर्षांच्या हेमांगीकडे योगायोगाने आदल्या दिवसाची अख्खी नोंद होती. तिने प्रश्नपत्रिकेच्या मूळ फाइलचा आकार घेतला, कुलपाचं वजन, म्हणजे कुलूपबंद करताना आकारात पडते ती भर, त्यात मिळवलं, आणि तेवढ्या आकाराचं काय बाहेर गेलं ते शोधलं. सापडलं ते रामेश्वर तोडकरांच्या यंत्रावरून, चार बाराला, मिरजेच्या एका पत्त्यावर. पेपर काढलाही तोडकरांनीच होता.

तोडकरांनी समितीपुढे एवढंच सांगितलं की पाठवलं ते खासगी होतं, दाखवणार नाही. त्यांनी ते पुसूनही टाकलं होतं. मग समितीने हेमांगीला विचारलं, खात्री किती. ती म्हणाली, सत्त्याण्णव टक्के. सचिवांनी इतिवृत्तात ‘खात्रीलायक’ असा शब्द लिहिला. हेमांगीने तो वाचला आणि खाली सही केली. तोडकरांची नोकरी गेली. तिला कायम व्हायचं होतं. पुढच्याच महिन्यात मुलाखत होती. या शेवटच्या गोष्टीचा उच्चार तिने नंतर कधी कोणाजवळ केला नाही.

शनिवारी त्या स्वतः गाडी चालवत आटपाडीला गेल्या.

जुन्या एसटी स्टँडच्या मागे ‘तोडकर मोटार रिवायंडिंग’ अशी पाटी होती. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची, हा धंदा. दुकानात एक माणूस पाठमोरा बसून हाताने चाक फिरवत होता, ओठ हलत होते. हेमांगीबाई दारात आल्या आणि नमस्कार म्हणाल्या. त्याने मान न वळवता डावा हात वर केला. शेजारच्या चहावाल्याने त्यांना खुणेनेच थांबायला सांगितलं. वेढे मोजताना रिवायंडिंगवाल्याशी कोणी बोलत नाही. मोजणी चुकली की सगळं उलगडून पहिल्यापासून. विद्यापीठाच्या विभागप्रमुख दहा मिनिटं एका पंपाच्या खोक्यावर बसून राहिल्या.

“बोला, मॅडम,” तोडकर शेवटी म्हणाले. एकोणसाठ वर्षं वय, बोटं तारेने चिरलेली. ओळख विसरले नव्हते आणि आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. चहा सांगितला.

हेमांगीबाईंनी क्वांटम यंत्राचं सगळं सांगितलं. त्या राज्याच्या यंत्राचा एक नियम होता: सरकारी पैशाचं यंत्र म्हणून त्याने काढलेलं प्रत्येक उत्तर जाहीर फलकावर लागायचं. म्हणजे किल्ली काढली की ती सगळ्यांची होणार, आणि ‘गुरुवार’च्या प्रती तर पंधरा तुकड्यांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे पडून होत्या. तरीही, त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणत असाल तर मी काढते. तुमचा तो हक्क आहे. तुमचं नाव धुऊन निघेल.

तोडकरांनी कप खाली ठेवला. “मॅडम, तुमचा हिशेब बरोबर होता. चार बाराला पेपरच पाठवला मी.”

हेमांगीबाईंना सुटल्यासारखं वाटलं. सोळा वर्षांचं ओझं असं फटकन उतरलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण वाटलं ते वाटलंच. आपण चुकलो नव्हतो.

मग तोडकरांनी पुढचं सांगितलं. सुवर्णा ऐवळे नावाची एक विद्यार्थिनी त्या वर्षी होती, जन्मापासून आंधळी. लेखनिक तिला मिळायचा. पण जाळ्यांच्या पेपरात निम्मे प्रश्न आकृत्यांचे. कोणतं यंत्र कोणाला जोडलंय, तार कुठे तुटलीय, हे लेखनिकाने वाचून दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? उठावाच्या आकृत्या हव्यात, बोटांनी चाचपता येतील अशा, म्हणून तोडकरांनी परीक्षा विभागाला तीन पत्रं लिहिली होती. उत्तर एकाचंही आलं नाही. मिरजेला कामतबाई म्हणून एक बाई घरीच अशा आकृत्या करून द्यायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी नाइलाज झाला आणि तोडकरांनी त्यांना पेपर पाठवला, सोबत पोरीचं नाव आणि बैठक क्रमांक लिहून.

“तेव्हाच का नाही सांगितलंत?” हेमांगीबाईंनी विचारलं.

“सांगितलं असतं तर मी सुटलो नसतो आणि ती अडकली असती. आंधळ्या पोरीकडे आदल्या दिवशी पेपर होता, एवढंच छापून आलं असतं. त्या घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेली पोर ती.” त्यांनी चहावाल्याला रिकामे कप दिले. “आणि दुसरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं.”

काय, ते हेमांगीबाईंना लगेच कळलं नाही. तोडकर थांबत थांबत बोलले. पेपर त्यांच्या हातून बाहेर गेला हे खरं होतं. शुक्रवारी तो सगळीकडे फिरला हेही खरं होतं. मधे दोनच माणसं होती, कामतबाई आणि सुवर्णा. सुवर्णाला पेपर दिलाय असं बाईंनी सांगितलं नव्हतं, पण बाईंनी तिला बोलावून आकृत्या चाचपायला दिल्या नसतील कशावरून? बाई पुढच्याच वर्षी वारल्या. सुवर्णा पास झाली, जतला एका बँकेत अधिकारी झाली. दर गुरुपौर्णिमेला तिचा न चुकता फोन येतो.

“मी बोलतो तिच्याशी. चांगलं बोलतो. पण बोलताना मनात ते येतंच, की बाई गं, तूच नव्हतीस ना? सोळा वर्षं झाली. नोकरी गेली त्याचं आता काही नाही, हे काम मला आवडतं. पण हे जात नाही. आणि स्वतःहून मी तिला कधी फोन करत नाही.”

किल्ली काढू नका, असं त्यांनी निक्षून सांगितलं. मिरजेला पाठवलेल्या मजकुरात सुवर्णाचं नाव होतं. एकदा चौकशी सुरू झाली की कुठे जाते ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणाले. आणि बाकीच्या चार हजारांनी काय घोडं मारलंय? त्यांनी नवी तार चाकावर चढवली आणि मोजायला सुरुवात केली. हेमांगीबाईंना उठावंच लागलं.

परतताना त्यांच्या डोक्यात चार हजारांचा विचार होता असं म्हटलं तर ते फार शोभून दिसेल. आधी त्यांना आठवली ती त्या गुरुवारची स्वतःची दुपार. एका माणसाला त्यांनी ओळीने नऊ निरोप पाठवले होते, आणि त्या माणसाशी पुढे त्यांचं लग्न झालं नव्हतं. ‘गुरुवार’मध्ये तेही होते. शिकवायला म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हाताने पंधरा वर्षं वाटले होते.

दिघंचीच्या पुढे आल्यावर त्यांना दुसरी गोष्ट सुचली, आणि त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

शुक्रवारी पोरांच्या फोनवर जे फिरलं ते फोटो होते. छापलेल्या प्रश्नपत्रिकेचे, टेबलावर ठेवून काढलेले दोन फोटो. आणि हेमांगीने शोधलं होतं काय? मूळ फाइलच्या आकाराचं काहीतरी. फुटलं ते तिने शोधलंच नव्हतं. जे फुटायला हवं होतं असं तिला वाटलं, ते शोधलं होतं. नेमकं ते सापडलं म्हणून ती थांबली. मागून आलेल्या प्रत्येकाने तिच्याच जर्नलवरून उतरवलं. फोनवरचा फोटो एकदा पाठवला की पुढे कितीही वेळा फिरवला तरी आकाराने तोच राहतो. त्या फोटोंचे आकार समितीच्या फाइलमध्ये होते, आणि त्या फाइलची साक्षीदाराची प्रत हेमांगीबाईंच्या कपाटात होती. किल्लीची गरजच नव्हती.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी निलोफरला शेजारी बसवून घेतलं. दोन फोटो, हा पहिला आकार, हा दुसरा, एकापाठोपाठ एक. अख्ख्या गुरुवारात असे दोन आकार जोडीने एकदाच गेले होते. वेळ सकाळी अकरा चाळीस. ठिकाण परीक्षा विभागाचं वाय-फाय. कोणाचा तरी फोन. तोडकरांनी मिरजेला पेपर पाठवला त्याच्या साडेचार तास आधी.

मग हेमांगीबाईंनी जे २०२७ साली केलं नव्हतं तेही केलं. यंत्र सदतीसवरून गेलं तेवढ्या आकाराचं आणखी काय काय बाहेर गेलं ते मोजलं. आणखी चार ठिकाणांहून गेलं होतं. तेव्हा त्यांनी पहिलंच सापडल्यावर शोध बंद केला होता. सत्त्याण्णव हा आकडा कुठून आणला होता, हे त्यांना आठवेना.

“मॅडम, मी पण उतरवलंय हे. पहिल्या पानापासून,” निलोफर म्हणाली. मग तिने तो फोन कोणाचा ते काढू का, असं विचारलं. हेमांगीबाई नको म्हणाल्या. परत एक माणूस आकारावरून पकडायचा नव्हता.

निलोफरला हे पटायला दोन दिवस लागले. तिचं म्हणणं चूक नव्हतं: आपण नाही उघडलं तर कोणीतरी उघडणारच, प्रती इतक्या पसरल्यात. हेमांगीबाईंनी इतकंच ठरवलं की ज्यांचा तो दिवस आहे त्यांना निदान माहीत तरी असावं. २०२७ साली विद्यापीठात असलेल्या, पत्ता सापडेल त्या प्रत्येकाला त्यांनी पत्र पाठवलं. तुमचा एक दिवस मी न विचारता नोंदवून ठेवला, तो कुलपात आहे म्हणून निर्धास्त राहिले, आणि ते कुलूप आता टिकणार नाही. उत्तरं आली. बहुतेक शिव्या होत्या, काही सभ्य भाषेत. यंत्राचे सहा तास निलोफरने हवामानाच्या गणितासाठी भूगोल विभागाला देऊन टाकले आणि प्रबंधाचं एक प्रकरण नव्याने लिहायला घेतलं.

कुलसचिवांना हेमांगीबाईंनी चार पानी निवेदन दिलं की माझा २०२७ चा अभिप्राय चुकीचा होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आतला मजकूर न दाखवता केवळ आकार आणि वेळ यांवर दिलेला अभिप्राय २०३६ च्या नियमानुसार ग्राह्य धरता येत नाही. सबब मजकूर उघडून सादर करावा. ज्यावर माणूस काढला त्यावर तो परत घेता येत नव्हता. उघडणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्याच नियमाने जुना आदेशही टिकत नाही, असंही खाली लिहिलं. त्या निवेदनाचं पुढे काही झालं नाही. मात्र विभागप्रमुखपद पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे गेलं, आणि त्याचं कारण कोणी दिलं नाही.

त्या पुन्हा आटपाडीला गेल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तोडकर चाक फिरवत होते, ओठ हलत होते. या वेळी हेमांगीबाई खोक्यावर बसल्या नाहीत. इतकी वर्षं थांबल्यावर आणखी दहा मिनिटं थांबायला हरकत नव्हती, पण त्यांच्याने थांबवेना.

“सर, पेपर तुमच्या आधी फुटला होता. सकाळी अकरा चाळीसला. विद्यापीठातूनच.”

चाक थोडं पुढे जाऊन थांबलं. तोडकरांनी मान वळवली नाही. “किल्ली काढलीत?” त्यांनी विचारलं.

नाही, त्या म्हणाल्या. कसं शोधलं ते सांगितलं, आपण तेव्हा काय शोधलं नव्हतं तेही सांगितलं, आणि चुकलं माझं, असंही म्हणाल्या. ते म्हणायचं त्यांनी गाडीत तीनदा घोकलं होतं. तोडकरांनी सगळं ऐकून घेतलं.

“किती टक्के?”

“टक्के नाही सांगणार, सर. पाहिलं ते सांगितलं. अकरा चाळीसला गेला तेव्हा सुवर्णाकडे काहीच नव्हतं. कामतबाईंकडेही नव्हतं. तुम्ही अजून पाठवलंच नव्हतं.”

तोडकरांनी चाकावरच्या तारेकडे बघितलं. मग म्हणाले, मोजणी चुकली. पण तार उलगडायला घेतली नाही. फडक्याने बोटं पुसली, एकेक बोट नीट पुसलं, आणि फळीवरून फोन उचलला. नंबर पाठ होता.

हेमांगीबाई दुकानाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. चहावाल्याने भुवया उंचावून बघितलं, त्यांनी मान हलवली. आतून तोडकरांचा आवाज येत होता, जरा मोठा, दूरच्या माणसाशी बोलताना होतो तसा.

“काही नाही गं, सुवर्णा. सहज केला.”